पीएमआरडीएचा डीपी रद्द झाला, आमचा आर झोन राहिला की गेला? घेणारा रेट पाडतोय

हवेलीकर_८७

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण पूर्ण वाचा प्लीज.

हवेली तालुक्यात पूर्वेच्या बाजूला आमची जमीन आहे, गावाचं नाव नको. ३२ गुंठे, जिरायत, वडिलांच्या नावावर स्वतंत्र सातबारा, भाऊबंदकीचं काही लफडं नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये पीएमआरडीएचा (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) प्रारूप डीपी, म्हणजे कच्चा विकास आराखडा आला त्यात आमच्या गटावर पिवळा रंग पडला, म्हणजे आर झोन, निवासी विभाग. तोपर्यंत तिकडे कोणी फिरकत नव्हतं, पण नकाशा मोबाईलवर फिरायला लागला आणि रोज एक एजंट दारात. शेवटी एका पार्टीबरोबर बोलणी झाली, रजिस्टर साठेखत (विक्रीचा करार) केलं, रेट अर्थातच आर झोनचा, काही रक्कम आधी घेतली आणि बाकीची एनए (बिनशेती) झाल्यावर असं ठरलं. ते आलेले पैसे बहिणीच्या लग्नात आणि घराच्या स्लॅबमध्ये गेले.

आता २०२५ मध्ये सरकारने तो डीपीच रद्द केला. पार्टी म्हणते झोन गेला, आता शेतीच्या रेटने द्या नाहीतर पैसे व्याजासकट परत. वडील म्हणतात जमीन तीच आहे, रस्ता तोच आहे, कोणी उचलून नेली का, मग रेट कशाला कमी करू. दोघांच्या मध्ये मी.

तर मला एवढंच कळायला हवंय की कायद्याने आमचा आर झोन खरंच गेला का, आणि नवीन डीपी येईपर्यंत थांबलो तर परत येईल का? आणि पार्टी खरंच व्याज मागू शकते का?

गुंठामंत्री_रिटायर्ड

गेला कसला दादा, आलाच कधी होता? प्रारूप म्हणजे प्रारूप. त्यावर रेट वाढवून घेतला तेव्हा सगळे खूश होते, घेणारा पण आणि देणारा पण. आता पेढे कोणी परत मागत नाही एवढंच नशीब 😄

निवृत्त_अनुरेखक

वरच्या भाऊंनी टिंगल केली पण मुद्दा बरोबर आहे. माझी सगळी नोकरी नगररचनेत नकाशे काढण्यात गेली म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एमआरटीपी म्हणजे १९६६ चा प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा. त्यात कलम २६ खाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, लोक हरकती देतात, नियोजन समिती सुनावणी घेते, मग तो सुधारून शासनाकडे जातो आणि शासनाने कलम ३१ खाली मंजूर केला की तेव्हा कुठे तो कायदा होतो. तुमच्या आराखड्यावर ६७ हजारांच्या आसपास हरकती आल्या होत्या, प्रकरण हायकोर्टात होतं, आणि शेवटी शासनानेच तो मागे घेतला. म्हणजे कलम ३१ पर्यंत गाडी पोचलीच नाही.

आता लोक विचारतात की मग मधली चार वर्षं ऑफिसात सगळे त्या नकाशाबद्दल का बोलत होते. कारण कलम ४६. परवानगी देताना प्रसिद्ध झालेला प्रारूप आराखडा लक्षात घ्यावा लागतो, म्हणजे प्रारूपात तुमच्या जमिनीतून रस्ता दाखवला असेल तर जुन्या योजनेत तो नसला तरी परवानगी अडते. त्याच्या उलट मात्र होत नाही. प्रारूपात पिवळं आहे आणि मंजूर योजनेत हिरवं, तर नुसत्या प्रारूपावर तुम्हाला घर बांधायला कोणी परवानगी देत नाही. त्रास द्यायला प्रारूप लगेच चालतं, फायदा द्यायला चालत नाही. हे एजंट लोकांना पक्कं ठाऊक असतं, ते गिऱ्हाइकाला फक्त पिवळ्या रंगाची रंगीत प्रिंट काढून देतात, तीही कधी कधी आजूबाजूचे आरक्षणाचे शिक्के कापून.

आता तुम्हाला लागू काय, तर १९९७ ची पुणे प्रादेशिक योजना आणि बांधकामाचे नियम २०२० च्या एकत्रीकृत नियमावलीचे, ज्याला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. प्रादेशिक योजनेत तुमचा गट शेती विभागात असेल तर शेती विभागच. पण तुम्ही न बघता असं गृहीत धरू नका. कलम २० खाली मधल्या वर्षांत कित्येक गटांचे फेरबदल राजपत्रात निघालेत, कधी शेजारच्या मोठ्या पार्टीने अर्ज केला आणि त्या पट्ट्यात दोन-चार छोटे गट पण बदलून गेले असं झालेलं आहे. तेव्हा पहिलं काम, पीएमआरडीएकडून झोन दाखला आणि भाग नकाशा गट नंबर टाकून घ्या, सही-शिक्क्याचा. व्हॉट्सअपवरचा नको.

दुसरं, गावठाणापासून किती लांब आहात? महसूल कायद्यात ४२ ड आहे, गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन, प्रादेशिक योजनेत तिथे तसा वापर चालत असेल तर, बिनशेती मानली जाते. त्याच्या बाहेरही गावठाणाच्या परिघात प्रीमियम भरून निवासी परवानगीची तरतूद नियमावलीत आहे, किती अंतरापर्यंत ते गावच्या लोकसंख्येवर. तुम्ही यात बसत असाल तर डीपी रद्द झाल्याने तुमचं फारसं बिघडलेलंच नाही आणि पार्टीला हे कदाचित तुमच्या आधी माहीत असेल.

हवेलीकर_८७

काका खूप खूप धन्यवाद!! गावठाणापासून अंतर कधी मोजलंच नाही आम्ही. वेशीपासून आमचं रान चालत पाच-सात मिनिटं असेल.

निवृत्त_अनुरेखक

वेशीपासून नाही हो. गावठाणाची हद्द नकाशावर असते तिथून. वेस, मारुतीचं देऊळ, एसटी स्टँड याचा काही संबंध नाही. भूमी अभिलेखमधून गावनकाशा घ्या आणि मोजणी करून घ्या.

दिवाणी_वरिष्ठस्तर

साठेखत वाचल्याशिवाय कोणी काही सांगत असेल तर त्याचं ऐकू नका, माझंही नाही. पण काय बघायचं ते सांगते.

साठेखतात झोनबद्दल नेमकं काय लिहिलंय? "सदर मिळकत निवासी विभागात असून तशी हमी लिहून देणार देत आहेत" असं वाक्य असेल तर तुमच्या वडिलांनी जे त्यांच्या हातात नव्हतं त्याची हमी दिलीय आणि पार्टीची बाजू जड आहे. "मिळकतीची व कागदपत्रांची पाहणी करून, आहे त्या स्थितीत" असं असेल तर तुमची. बऱ्याच साठेखतांत ही दोन्ही वाक्यं असतात कारण लिहिणाऱ्याने जुन्या फाइलमधून उचललेली असतात, मग कोर्टात मजा येते.

दुसरं म्हणजे "बाकी रक्कम एनए झाल्यावर" याला तारीख घातलीय का? तारीख असेल तर ती उलटल्यापासून तीन वर्षांत करार पुरा करून घेण्याचा दावा लावावा लागतो. तारीख नसेल तर एकाने दुसऱ्याला स्पष्ट नकार दिला तेव्हापासून तीन वर्षं. म्हणून वडिलांना सांगा की रागाच्या भरात व्हॉट्सअपवर "जा नाही देत" असलं काही पाठवू नका. आणि एनएचा अर्ज कोणी करायचा होता ते पण बघा, पार्टीने करायचा होता आणि केलाच नाही असं निघालं तर सगळं चित्र उलटं होतं.

व्याजाचं. व्यवहार तुमच्या बाजूने मोडला तर दिलेल्या पैशाचा बोजा त्या जमिनीवरच राहतो, मालमत्ता हस्तांतरण कायद्यातच ते आहे, व्याजासकट. पार्टीनेच विनाकारण हात आखडता घेतला तर तो हक्क तिला मिळत नाही. आता आराखडा रद्द होणं हे "विनाकारण" आहे का, यावर दोन वकील दोन तास भांडू शकतात आणि फी दोघंही घेतील.

व्यवहारी सल्ला हवा असेल तर रजिस्टर साठेखत चालू असताना ही जमीन तुम्ही तिसऱ्याला विकू शकत नाही, निदान शहाणा माणूस घेणार नाही. आणि पार्टीचे पैसे अडकलेत. गरज दोघांनाही आहे. पुरवणी करार करा.

बांधावरून

मी पण तिकडचाच, मुळशी साईड. एक गोष्ट कोणी बोलत नाही म्हणून बोलतो. आमच्या वीस गुंठ्यांत पोराला घर बांधायचं तर शेती झोन, परवानगी नाही, शेतघर बांधायचं तर म्हणे ४० गुंठे पाहिजेत. आणि तिथंच पलीकडे शंभर एकर गोळा करणाऱ्याला टाउनशिप पॉलिसीत त्याच शेती झोनमध्ये टॉवर उभे करता येतात, क्लबहाऊस स्विमिंग पूल सगळं. झोन हा फक्त छोट्याला असतो. त्यामुळे प्रारूप डीपीत पिवळा रंग आला तर शेतकरी नाचला यात त्याची काय चूक हो, आयुष्यात पहिल्यांदा नकाशा आपल्या बाजूने बोलला.

आणि ज्यांच्यावर पिवळा नाही आला त्यांचं पण सांगा की. माझ्या चुलत्याच्या रानात रस्ता आणि त्याला लागून मैदानाचं आरक्षण. चार वर्षं ना विकता येत होतं ना बँक दारात उभी करत होती, पोरीच्या शिक्षणाला दोन गुंठे काढायचे म्हटलं तरी गिऱ्हाईक म्हणायचं आरक्षण आहे. डीपी रद्द झाला त्या दिवशी त्याने गावात जिलेबी वाटली. म्हणजे एकाच बातमीने हवेलीकरांच्या घरात सुतक आणि आमच्याकडे जिलेबी.

मंजूर झाला असता तर काय? एमआरटीपीच्या कलम १२७ ची वाट बघायची. मंजुरीनंतर दहा वर्षं थांबा, मग खरेदीची नोटीस द्या, मग परत २४ महिने थांबा, तेवढ्यात घेतली नाही तर आरक्षण उठणार. बारा वर्षांत माणूस उठतो हो, आरक्षण काय.

निवृत्त_अनुरेखक

बांधावरून यांचं १२७ बद्दल बरोबर आहे. पुण्यातल्या टेकड्यांचं उदाहरण बघा. १९९७ ला ३८ गावं महापालिकेत घेतली, त्यातली पुढे काही वगळली, उरलेल्या २३ गावांच्या आराखड्यात टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण पडलं, ज्याला सगळे बीडीपी म्हणतात. सुमारे ९७८ हेक्टर. मोबदला काय द्यायचा यावर वर्षानुवर्षं खल झाला आणि २०१५ ला ठरलं की आठ टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क. शंभर चौरस मीटर जमीन द्या आणि आठ चौरस मीटरचा हक्क घ्या. टेकड्या वाचायलाच पाहिजेत, मी स्वतः रोज चढतो. पण ज्याची जमीन होती त्याच्या जागी उभं राहून बघा.

ईएमआयग्रस्त

घेणाऱ्यांच्या बाजूने पण कोणीतरी बोला की राव. आम्ही काय गुन्हा केलाय. मी नगर रोडला फ्लॅट घेतला तेव्हा मागच्या बाजूला शेत होतं, ज्वारी डुलायची, सेल्सवाल्याने सांगितलं मागे शेती झोन आहे, कायम ओपन व्ह्यू, त्याचे वेगळे पैसे पण घेतले फ्लोअर राइज आणि व्ह्यू चार्जेस म्हणून. आता तिथे तीन टॉवरचं खोदकाम चालू आहे. विचारलं तर म्हणे त्या गटाचा झोन आमच्या बुकिंगच्या आधीच बदललेला होता, राजपत्रात आहे. राजपत्र कोण वाचतं 🙏

आणि टँकर. गावांत परवानगी देताना पाण्याची लाइन येईपर्यंत बिल्डर पाणी देईल असं हमीपत्र घेतात, बिल्डर सोसायटी हँडओव्हर करून मोकळा, हमीपत्र कोणत्या कपाटात आहे ते कोणाला माहीत नाही, टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये. झोन बदलतो एका सहीने, पाइपलाइन यायला किती वर्षं लागतात ते वाघोलीकरांना विचारा.

माझा प्रश्न, धाग्याला फाटा फुटेल पण विचारतो. मेव्हण्याला एक जण यवतच्या पुढे दोन गुंठ्याचा प्लॉट देतोय, म्हणतो तुकडेबंदी (जमिनीचे छोटे तुकडे विकायची बंदी) आता उठली, एक गुंठा पण चालतो, नवीन डीपीत आर झोन फिक्स आहे. खरं का?

दिवाणी_वरिष्ठस्तर

अर्धं खरं, आणि तेच घातक. २०२५ च्या शेवटी अध्यादेश निघाला त्यात १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंत झालेले तुकड्यांचे व्यवहार, शहरांच्या आणि प्राधिकरणांच्या हद्दीत किंवा योजनेत निवासी वगैरे वापर दाखवलेल्या जमिनींचे, फी न घेता नियमित करायची सोय केली. जुने व्यवहार. त्यामुळे "आता घेतला तर चालतो" हे त्याने स्वतःच्या मनाने जोडलं. शेतजमिनीला २०२३ पासून प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याच्याखाली तुकडा मानतात ते, जिरायत २० गुंठे, बागायत १० गुंठे आहे. हवेलीकर, तुम्ही पण लक्षात घ्या, उद्या तडजोड म्हणून ३२ मधले २० पार्टीला दिले तर तुमच्याकडे १२ उरतात आणि तो तुकडाच झाला.

आणि नाव लागणं वेगळं, बांधकाम परवानगी वेगळी. व्यवहार नियमित झाला म्हणजे झोन बदलला असं होत नाही. मेव्हण्यांना सांगा, मंजूर लेआउट आणि एनएचा कागद मागा. तो "प्रोसेसमध्ये आहे" म्हणाला की चहा प्या आणि घरी या. "नवीन डीपीत फिक्स" हे तर पीएमआरडीएचे अधिकारी पण सांगू शकत नाहीत. आणि मेव्हण्यांकडे शेतकरी असल्याचा पुरावा आहे का? नसेल तर शेतजमीन त्यांच्या नावावर होतच नाही.

विरारची_लोकल

पुणेकरांनो आमच्याकडे बघा जरा. नालासोपाऱ्यात ४१ इमारती पाडल्या, २०२५ च्या सुरुवातीला काम संपलं. जागा डीपीत सांडपाणी केंद्र आणि कचरा डेपोसाठी राखीव होती, त्यावर चार-चार मजले उठले, लोकांनी घरं घेतली, लाइटबिलं येत होती, मतदान कार्डं होती. हायकोर्टाने ऐकलं नाही, सुप्रीम कोर्टातही काही मिळालं नाही. त्यात माझ्या ओळखीतलं एक कुटुंब होतं, आता भाड्याने राहतात आणि घरासाठी घेतलेलं कर्ज अजून फेडतायत. डीपीचा नकाशा एकदा तरी बघायचा असतो हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

आकुर्डी_ते_शिवाजीनगर

आणि चिखलीचे बंगले! मे २०२५, इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेत म्हणून ३६ बंगले एका दिवसात जमीनदोस्त, आधी एनजीटीचा (राष्ट्रीय हरित लवाद) आदेश होता. लोकांनी आयुष्यभराची कमाई घातलेली. झोन पिवळा आहे एवढं बघून भागत नाही, निळी रेषा आणि लाल रेषा वेगळी बघायची. निळीच्या आत बांधकाम नाहीच, निळी आणि लालच्या मधे अटी घालून मिळतं. एजंटच्या नकाशात नदी पण नसते कधी कधी.

त्याच महिन्यात आमच्या पिंपरी-चिंचवडचा नवीन प्रारूप डीपी आला, मोशीत कत्तलखान्याचं आरक्षण टाकलं होतं आळंदीच्या जवळ, वारकऱ्यांनी आवाज उठवला आणि मुख्यमंत्र्यांनी ते रद्द केलं. त्यावरून एक कळलं की हरकत मुदतीत द्यायची आणि शक्य तर टाळ-मृदंगासकट द्यायची.

फोंडेकर

आमच्या गोव्यातही हाच घोळ. २०२३ ला नगरनियोजन कायद्यात १७(२) कलम घातलं, प्रादेशिक आराखडा २०२१ मधल्या "अनवधानाने झालेल्या चुका" दुरुस्त करायच्या म्हणून. चुका एवढ्या सापडल्या की डोंगर, बागायती, शेतं भराभर सेटलमेंट (वस्तीच्या) झोनमध्ये. मार्च २०२५ मध्ये हायकोर्टाने त्याचे नियमच रद्द केले, आता सरकार सुप्रीम कोर्टात. मधल्या काळात ज्यांनी सेटलमेंटच्या भावाने प्लॉट घेतले ते बसलेत हात चोळत. विकणारा दिल्लीला परत गेला.

हवेलीकर_८७

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. वकील ताई, तुम्ही सांगितल्यावर साठेखत काढून वाचलं. "निवासी विभागात" असं कुठेच नाही, "प्रस्तावित विकास आराखड्यानुसार" असा शब्द आहे, आणि एनए पार्टीने स्वखर्चाने करायचं असं स्पष्ट लिहिलंय, तारीख नाही. आमच्या माहितीप्रमाणे पार्टीने अर्ज केलेलाच नाही.

काका, झोन दाखल्यासाठी अर्ज टाकला, गावनकाशा पण मिळाला. वरवर बघता आमच्या गटाचा वरचा कोपरा २०० मीटरच्या आत येतोय असं दिसतंय, बाकी बाहेर.

निवृत्त_अनुरेखक

वरवर नको. हद्द कायम मोजणी करून "क" प्रत घ्या, तीच चालते. कोपरा आत असेल तर किती चौरस मीटर आत आणि त्याला रस्ता कुठून, हे दोन आकडे हातात आल्याशिवाय पार्टीशी बसू नका. गट आत-बाहेर असा कापला जात असेल तर बाहेरच्या भागाचं परिघाच्या नियमात काय होतं ते पीएमआरडीएच्या आकुर्डीच्या ऑफिसात लेखी विचारा.

दिवाणी_वरिष्ठस्तर

"प्रस्तावित" हा शब्द तुमच्या बाजूचा आहे, प्रस्ताव आहे हे माहीत असूनच त्यांनी सही केलीय. अर्ज न केल्याचं पण लेखी मागवा, साधी वकिलाची नोटीस, भाषा गोड ठेवा. आणि मग पुरवणी करार असा करा की झोन दाखला जो येईल त्यावर दोन दर, निवासी वापर निघाला तर हा आणि शेती राहिली तर हा, आणि एनएच्या अर्जाला तारीख. वडिलांना एकच दर हवा असेल तर घेतलेली रक्कम परत करायची तयारी ठेवा, ती आहे का?

हवेलीकर_८७

सध्या नाही ताई. स्लॅबमध्ये आहे.

गुंठामंत्री_रिटायर्ड

मग दोन दरांचाच करार. आणि मोजणीला द्रुतगतीची फी भरा, नियमितला भरलीत तर नवीन डीपी आधी येईल.